बटण सुटल्याची खबर येईलच असं नाही

डेस्कटॉपवर चित्रं, नकाशे, आराखडे हाताळणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं की माऊसचं बटण दाबल्याचा इव्हेंट आला, म्हणून ते सुटल्याचाही येईलच असं धरून चालू नका. जमिनीच्या लेआउटचे नकाशे काढणारा, जावा स्विंगमधला एक जुना प्रोग्रॅम दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला होता. तक्रार एका ओळीची होती : ‘प्लॉट मधेच माऊसला चिकटतो.’

कोड वाचून काही सापडेना. म्हणून तो रोज वापरणाऱ्या ड्राफ्ट्समन काकांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी प्लॉट ओढायला घेतला आणि नेमकी तेव्हाच ऑटोसेव्हची सूचना पडद्यावर आली. काकांनी बटण सोडलं ते सूचना समोर असताना, त्यामुळे नकाशाला ते कळलंच नाही. प्रोग्रॅमच्या लेखी ड्रॅग अजून चालूच होता. त्यात माऊसमूव्ह्ड आणि माऊसड्रॅग्ड या दोन्ही इव्हेंटना एकच फंक्शन जोडलेलं. सूचना बंद करून काका नुसता हात फिरवत होते आणि मोजून बसवलेला प्लॉट शेजारच्या रस्त्यावर सरकत होता.

उपाय त्या दोन इव्हेंटच्या फरकातच आहे. स्विंगमध्ये बटण दाबलेलं असताना माऊस हलला तर ड्रॅग्ड येतो, दाबलेलं नसताना मूव्ह्ड. ड्रॅग चालू असल्याची खूण आहे आणि तरी मूव्ह्ड आला, म्हणजे सुटल्याची खबर वाटेत हरवली. तिथेच ड्रॅग रद्द करा आणि प्लॉट मूळ जागी परत ठेवा. त्यासाठी बटण दाबताक्षणी मूळ जागा जपून ठेवावी लागते. एस्केप दाबल्यावरही हेच घडलं पाहिजे. थेट विंडोजच्या एपीआयवर लिहीत असाल तर सेटकॅप्चर वापरून थांबू नका, डब्ल्यूएम_कॅप्चरचेंज्ड हा मेसेजही हाताळा. माऊसचा ताबा दुसऱ्याकडे गेल्याचं तोच सांगतो.

काकांची दुसरी अडचण त्यांनी कधी सांगितलीच नव्हती. वयामुळे हात थोडा थरथरतो. प्लॉट निवडायला ते बटण दाबत, पण सोडेपर्यंत माऊस किंचित सरके आणि निवड होत नसे. ते दोनदा-तीनदा दाबून बघत आणि चूक आपलीच समजत. मला याचं फार वाईट वाटलं. निवडीचं काम माऊसक्लिक्डवर ठेवलेलं होतं, आणि दाबणं-सोडणं यांच्यामध्ये माऊस हलला तर तो इव्हेंट येत नाही. मी निवड माऊसप्रेस्डवर नेली आणि ठरावीक पिक्सेल ओलांडल्याशिवाय ड्रॅग सुरू होणार नाही अशी मर्यादा घातली. क्यूटीमध्ये ही मर्यादा मुळात १० पिक्सेल असते. वापरणाऱ्याचा हात पाहून ती वाढवायला संकोच करू नये.

उजव्या बटणाच्या मेनूसाठी इझपॉपअपट्रिगर ही तपासणी प्रेस्ड आणि रिलीज्ड दोन्हीकडे करा. विंडोजवर ती सोडताना खरी ठरते, मॅकवर दाबताना. एकाच ठिकाणी तपासलीत तर कुठल्यातरी यंत्रावर मेनू उघडणारच नाही.

आणि ड्रॅग्डच्या आत जड काम नको. या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक हालचालीला सगळ्या प्लॉटचं क्षेत्रफळ नव्याने मोजलं जाई. स्विंगमध्ये माऊसचे इव्हेंट हाताळणं आणि पडदा रंगवणं एकाच थ्रेडवर चालतं, त्यामुळे मोठा नकाशा उघडला की सगळं अडखळे. ओढताना फक्त आकार नव्या जागी दाखवा. हिशेब बटण सुटल्यावर करा, आणि लांबणारा असेल तर स्विंगवर्करकडे सोपवा.

तुमच्याकडे स्विंगचा असा प्रोग्रॅम असेल तर आजच त्यात माऊसक्लिक्ड कुठेकुठे आहे ते शोधा. मग दुरुस्त केलेला प्रोग्रॅम रोज वापरणाऱ्याच्या टेबलावर, त्याच्याच माऊसने, त्याच्याच हातून चालवून बघा.