जुन्या ट्रॅक्टरमधील विजेचे दोष कसे ओळखावेत?

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, अशी शिफारस कृषी विभाग करीत असतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील काळ्या जमिनीत असा पाऊस होऊन वाफसा आला की, पेरणीस मोजकेच दिवस मिळतात. नेमक्या याच वेळी उन्हाळाभर उभा असलेला जुना ट्रॅक्टर सुरू होत नाही. मग घाईने नवी बॅटरी आणली जाते. दोष अन्यत्र असल्यास खर्च वाया जातो आणि वाफसाही निघून जातो. म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी दोषाचे ठिकाण क्रमाने शोधणे इष्ट होय.

डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेट घेते. त्यासाठी ठिणगी लागत नाही. जुन्या ट्रॅक्टरमध्ये विजेचे मुख्य काम सेल्फ फिरविणे व दिवे लावणे एवढेच असते. सबब तपासणीचे क्षेत्रही मर्यादित आहे : बॅटरी, वायरींचे जोड, सेल्फ आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो किंवा अल्टरनेटर.

दिव्यांवरून पहिली परीक्षा

गियर न्यूट्रलमध्ये ठेवून ब्रेक लावावा. पुढील दिवे लावून सेल्फ दाबावा व दिव्यांकडे पाहावे.

१. दिवे मुळीच लागत नसल्यास बॅटरी पूर्ण उतरली आहे, तिचे टर्मिनल सुटले आहे किंवा फ्यूज गेला आहे.
२. दिवे लागतात, पण सेल्फ दाबताच अगदी मंद होतात. अशा वेळी बॅटरी कमजोर किंवा जोड खराब असण्याचा संभव अधिक. क्वचित सेल्फच आतून अडकलेला असतो.
३. दिवे प्रखर राहतात व सेल्फ फिरत नाही. येथे बहुधा बॅटरी दोषी नसते. सेल्फचे बटण, सोलेनॉइड, त्याकडे जाणारी वायर व सेल्फचे कार्बन पाहावेत.

बॅटरी व अर्थ

उन्हाळ्यात चाळीस अंशांपुढील उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते आणि न वापरताही ती लवकर उतरते. झाकणे असलेल्या बॅटरीत प्लेटा उघड्या पडल्या असल्यास डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी घालू नये. काही तास विश्रांती दिलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मल्टिमीटरने सुमारे १२.६ व्होल्ट दिसल्यास ती पूर्ण चार्ज आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ फिरताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास चार्ज करून पुन्हा तपासावी. तरीही तसेच घडल्यास बॅटरी बदलण्यास योग्य समजावी.

जुन्या ट्रॅक्टरमध्ये अर्थच्या जोडाकडे दुर्लक्ष होते. बॅटरीचे अर्थकडील टोक व इंजिनचा स्वच्छ धातू यांवर मल्टिमीटरच्या तारा टेकवून सेल्फ दाबावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आकडा आल्यास जोड गंजलेला आहे. तो खोलून घासावा, घट्ट करावा व वर व्हॅसलीन लावावे. वायर खोलताना अर्थची आधी काढावी व जोडताना शेवटी जोडावी.

वारंवार उतरणारी बॅटरी

इंजिन मध्यम वेगात चालू असताना बॅटरीवर सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावयास हवेत. कमी दिसल्यास प्रथम पट्ट्याचा ताण पाहावा. अल्टरनेटर असल्यास चालू इंजिनवर बॅटरीची वायर कधीही काढू नये; डायोड जळतात.

रात्रीतून बॅटरी उतरत असल्यास किल्ली बंद करून अर्थची वायर काढावी व त्या जागी लहान टेस्ट लॅम्प जोडावा. दिवा पेटल्यास कोठेतरी वीज गळत आहे. एकेक फ्यूज काढावा. ज्या फ्यूजने दिवा विझेल, त्या मार्गात दोष. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी येथे सापडतात. कोणत्याही फ्यूजने दिवा विझला नाही, तर अल्टरनेटरची वायर सोडून पाहावी.

जिवाचा धोका

जमिनीवर उभे राहून पान्याने सेल्फची टर्मिनले जोडून ट्रॅक्टर सुरू करण्याची सवय घातक आहे. गियर पडलेला असल्यास ट्रॅक्टर तत्काळ पुढे जाऊन मनुष्य चाकाखाली येतो. फ्यूजच्या जागी तार घालू नये व बॅटरीजवळ बिडी ओढू नये. ट्रॉलीच्या मागील दिव्यांना स्वतंत्र अर्थ वायर द्यावी; हुकावर विसंबल्यास दिवे मध्येच विझतात आणि रात्री ऊस नेताना मागून येणाऱ्या वाहनास ट्रॉली दिसत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यातच एका ट्रॅक्टरवर ही तपासणी शेतकऱ्यांना करून दाखवावी. त्या वेळी सापडलेला सैल जोड पावसापूर्वी निस्तरता येतो. वाफशावर सापडलेला मात्र पेरणीचा दिवस घेऊन जातो.