पुस्तकाचा पत्ता : ग्रंथालयातील तालिकेची तोंडओळख

आपल्या मंडळाच्या वाचनालयात चार लोखंडी कपाटे आहेत. काही वर्षांपूर्वी मराठी विषय घेऊन एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी दया पवार यांचे 'बलुतं' मागावयास आली. त्या दिवशी कपाटांच्या किल्ल्या आमच्याकडे होत्या. आम्ही आत्मचरित्रांचा कप्पा पाहिला, कादंबऱ्यांचा पाहिला, नोंदवही चाळली. पुस्तक सापडले नाही. "कोणीतरी नेले असावे," असे सांगून आम्ही तिला परत पाठविले. पुढे पावसाळा संपल्यावर वाळवी पाहण्यासाठी कपाटे रिकामी केली, तेव्हा ते पुस्तक 'सामाजिक प्रश्न' अशी चिठ्ठी लावलेल्या कप्प्यात, जुने अहवाल आणि सरकारी पत्रके यांच्यामध्ये अगदी सुस्थितीत मिळाले. तोपर्यंत तिची परीक्षा होऊन गेली होती.

पुस्तक चोरीस गेले नव्हते की फाटले नव्हते. नीट नोंद नसल्यामुळे ते असून नसल्यासारखे झाले होते. चूक आमचीच होती.

आम्ही ग्रंथपाल नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून, एवढीच आमची पात्रता. परंतु त्या प्रसंगाची खंत वाटून आम्ही ग्रंथालयशास्त्राची काही क्रमिक पुस्तके वाचली आणि एका परिचित ग्रंथपालांजवळ बसून त्यांचे काम पाहिले. त्यातून जे समजले ते मंडळाचे सभासद आणि विद्यार्थी यांच्यापुढे ठेवण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

रोजकीर्द आणि खातेवही

बहुतेक लहान वाचनालयांत एकच वही असते. पुस्तक आले की तिच्यात अनुक्रमांक, तारीख, नाव, लेखक आणि किंमत लिहिली जाते. हिला दाखल नोंदवही म्हणतात. ही वही आवश्यकच आहे. संस्थेची मालमत्ता किती, देणगीतून काय आले, गहाळ काय झाले, हे तीवरूनच कळते. परंतु ती हिशेबातल्या रोजकीर्दीसारखी असते. जे ज्या क्रमाने आले ते त्या क्रमाने लिहिलेले. एखाद्या माणसाचे येणे-देणे पाहावयाचे तर रोजकीर्द उलटून भागत नाही, खातेवही उघडावी लागते. ग्रंथालयाची खातेवही म्हणजे तालिका होय.

ग्रंथालयातील नोंदीची कामे अशी तीन आहेत. दाखल नोंद पुस्तक कधी आले ते सांगते. वर्गीकरण ते फळीवर कोठे ठेवावे ते ठरविते. तालिका हे पुस्तक येथे आहे काय आणि असल्यास कोठे, याचे उत्तर वाचकाला देते. ही तीन कामे एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. आमच्या वाचनालयात पहिले काम होत होते, दुसरे अंदाजाने चालले होते आणि तिसरे मुळीच नव्हते.

कार्डावर काय असते?

चार्ल्स कटर या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली तालिकेचे नियम प्रसिद्ध केले. तालिकेने काय करावे याविषयी त्याने जे सांगितले त्याचा आशय असा : वाचकाला लेखक माहीत असो, पुस्तकाचे नाव माहीत असो अथवा केवळ विषय माहीत असो, त्याला पुस्तक सापडले पाहिजे, तसेच एका लेखकाची वा एका विषयावरची कोणकोणती पुस्तके ग्रंथालयात आहेत, हेही त्याला कळले पाहिजे.

यासाठी सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद अशी जाड कार्डे वापरात आली. एका पुस्तकाची किमान तीन कार्डे होत. एक लेखकाच्या आडनावाखाली, एक पुस्तकाच्या नावाखाली आणि एक विषयाखाली. तिन्ही कार्डे अकारविल्हे लावून लहान लहान खणांत ठेवीत. 'बलुतं'चे मुख्य कार्ड साधारण असे होईल : पवार, दया; 'बलुतं'; मुंबई, ग्रंथाली, १९७८. डाव्या कोपऱ्यात फळीवरील जागा सांगणारा क्रमांक, म्हणजेच कॉल नंबर. तोच क्रमांक पुस्तकाच्या पाठीवरील चिठ्ठीवर. घरावरची पाटी आणि पाकिटावरचा पत्ता जुळला म्हणजे पत्र पोचते, तसाच हा प्रकार.

आपल्या देशात या शास्त्राचा पाया डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी घातला. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली आणि १९३४ साली तालिकेची स्वतंत्र नियमावली दिली. वाचकाला हवे ते पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, तसेच वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्यांच्या सूत्रांतील विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. वाट चुकलेल्या एका पुस्तकाने ही तिन्ही सूत्रे एकदम मोडली होती.

फळीवरची जागा

वर्गीकरणाची जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत मेल्विल ड्यूई यांची. तीही १८७६ सालचीच. सर्व ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा आणि त्यांचे पुन्हा दहा, अशी ही दशांश पद्धती आहे. ३०० म्हणजे सामाजिक शास्त्रे, ५०० म्हणजे विज्ञान, ८०० म्हणजे साहित्य. मराठी साहित्याला ८९१.४६ हा वर्गांक आहे. त्यातही कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३. बौद्ध धम्मावरील पुस्तके २९४.३ येथे येतात.

ही पद्धत सोयीची आहे, परंतु ती करणाऱ्याच्या चष्म्यातून जग पाहते. २०० हा धर्माचा वर्ग घेतला तर त्यातील २२० ते २८० हे सात विभाग ख्रिस्ती धर्माला मिळाले आणि जगातील बाकीच्या सर्व धर्मांना २९० या एकाच विभागात दाटीवाटीने बसावे लागले. आकडा तटस्थ दिसला तरी तो देणारा माणूस एका समाजातला असतो, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

याचे अधिक बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर या कृष्णवर्णीय ग्रंथपाल १९३० पासून काम करीत होत्या. त्या काळी अनेक ग्रंथालयांत कृष्णवर्णीय लेखकाचे पुस्तक आले की ते ३२६ म्हणजे गुलामगिरी किंवा ३२५ म्हणजे वसाहत आणि स्थलांतर या वर्गांकाखाली टाकीत. कवितासंग्रह असला तरी तेथेच! कवीचा वर्ण हाच कवितेचा विषय ठरत असे. पोर्टरबाईंनी हे मानले नाही. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात, अशी त्यांनी आपल्या संग्रहाची नव्याने मांडणी केली. हातात होती ती केवळ लेखणी आणि कार्डे; परंतु त्यांनी लेखकांना त्यांची खरी जागा मिळवून दिली.

हे वाचताना आम्हांस आमचा कप्पा आठवला. 'बलुतं' हे मराठीतील एक महत्त्वाचे आत्मकथन. ते मराठी साहित्याच्या फळीवर न ठेवता आम्ही 'सामाजिक प्रश्नां'त ठेवले होते. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' (१९७२) आमच्याकडे कोठे होता, ते पाहावयास आम्ही पुन्हा कपाट उघडले. तोही त्याच कप्प्यात! आमच्याच माणसांच्या आमच्याच वाचनालयात आम्ही कवीला कवींच्या ओळीत बसू दिले नव्हते.

कोणी म्हणेल, या पुस्तकांत जातीचा प्रश्न आहे, मग सामाजिक अभ्यास करणाऱ्याने ती कोठे शोधावी? येथेच तालिकेचा उपयोग कळतो. पुस्तक फळीवर एकाच ठिकाणी उभे राहू शकते, पण तालिकेत त्याला अनेक दारे ठेवता येतात. 'बलुतं' मराठी साहित्यात ठेवावे आणि विषयाच्या नोंदी 'दलित साहित्य', 'आत्मकथने', 'जातिव्यवस्था' अशा तिन्ही शब्दांखाली कराव्यात. साहित्याचा विद्यार्थी एका दाराने येईल, समाजशास्त्राचा दुसऱ्या. पोचतील एकाच पुस्तकापाशी.

या विषयशब्दांनाही इतिहास असतो. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशब्दांची यादी जगभर वापरली जाते. तिच्यात पूर्वी 'अनटचेबल्स' हा शब्द होता. आता त्या जागी 'दलित' हा शब्द आहे. त्याच यादीत परदेशातून विनापरवाना आलेल्या लोकांसाठी 'इल्लीगल एलियन्स' असा शब्द होता. डार्टमथ कॉलेजातील विद्यार्थ्यांनी २०१४ साली त्यास हरकत घेतली. बराच वाद होऊन अखेर २०२१ साली तो शब्द बदलला गेला. विद्यार्थ्यांच्या हरकतीने एवढी मोठी यादी बदलू शकते, हे आपल्या मुलामुलींनी अवश्य जाणावे.

माणूस एक, नावे अनेक

आमच्या शाखेतील जुन्या लेजरमधील खाती संगणकावर चढविली तेव्हाची गोष्ट. एकाच खातेदाराचे नाव एका खात्यावर पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षरांनी आणि तिसऱ्यावर घरगुती. यंत्राला ती तीन माणसे वाटली. मग प्रत्येक खातेदाराला एक ग्राहक क्रमांक देऊन सर्व खाती त्याखाली आणावी लागली.

ग्रंथालयातही हाच पेच असतो. आमच्या वहीत बाबासाहेबांची पुस्तके 'डॉ.' म्हणून ड अक्षरात, 'बाबासाहेब' म्हणून ब अक्षरात, 'भीमराव' म्हणून भ अक्षरात आणि 'आंबेडकर' म्हणून आ अक्षरात, अशी चार ठिकाणी विखुरलेली होती. नियम असा की, एक रूप प्रमाण मानावे, जसे 'आंबेडकर, भीमराव रामजी', आणि बाकी रूपांखाली 'आंबेडकर पाहा' अशी सूचना लिहावी.

टोपणनावाचा प्रश्न याहून गमतीचा आहे. 'विशाखा' या संग्रहावर कुसुमाग्रज हे नाव आहे, तर 'नटसम्राट'वर वि. वा. शिरवाडकर. माणूस एकच, पण कवी म्हणून आणि नाटककार म्हणून त्याने दोन नावे धारण केली. अशा वेळी दोन्ही नावे ठेवून प्रत्येकाखाली 'हेही पाहा' असे लिहितात.

कार्डाकडून संगणकाकडे

१९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी कार्डावरील मजकूर यंत्राला वाचता येईल अशी मार्क नावाची पद्धत तयार केली. तिच्यात प्रत्येक माहितीला ठरावीक आकडा असतो : १०० म्हणजे मुख्य लेखक, २४५ म्हणजे पुस्तकाचे नाव, ६५० म्हणजे विषय, ०८२ म्हणजे ड्यूई वर्गांक. बँकेच्या फॉर्ममध्ये जसे ठरावीक रकाने असतात तसेच हे. त्यामुळे एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याला तशीच उचलता येते. कार्डांचा काळ मग ओसरत गेला. ग्रंथालयांना छापील कार्डे पुरविणाऱ्या अमेरिकेतील ओसीएलसी या संस्थेने २०१५ साली शेवटची कार्डे छापली.

नियमही बदलले. १९७८ च्या इंग्रजी नियमावलीप्रमाणे तीनहून अधिक लेखक असल्यास फक्त पहिल्याचे नाव लिहून बाकीच्यांना 'इत्यादी'त घालीत, कारण कार्डावर जागा नसे. २०१० साली आलेल्या आरडीए या नव्या नियमांनुसार सर्वांची नावे देता येतात. आपल्याकडे अनेक सामुदायिक पुस्तके निघतात. त्यांतील चौथ्या-पाचव्या लेखकाला हा बदल किती मोलाचा आहे, ते सांगावयास नको.

न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० पासून वापरात असलेली कोहा ही संगणकप्रणाली विनामूल्य आहे. भारत सरकारच्या एनआयसीची ई-ग्रंथालय ही प्रणालीही उपलब्ध आहे. युनिकोडमुळे नोंदी देवनागरीत करता येतात. मात्र यंत्र अक्षरे जुळवते, अर्थ नव्हे. 'आंबेडकर', 'अंबेडकर' आणि 'आम्बेडकर' ही त्याला तीन वेगळी नावे वाटू शकतात. चुकीची नोंद पूर्वी एका खणात पडून राहत असे. आता ती क्षणात शंभर ठिकाणी उतरविली जाते. म्हणून यंत्र आले तरी नाव, विषय आणि जागा यांचा विचार माणसालाच करावा लागणार.

आपण काय करावे?

मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी आहे. दाखल नोंदवही आहे तशी चालू ठेवावी. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर वर्गांक आणि लेखकाच्या आडनावाचे पहिले अक्षर असलेली चिठ्ठी लावावी. संगणकावर साध्या तक्त्यात सात रकाने करावेत : दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक व वर्ष, वर्गांक, विषय (निदान दोन) आणि नावाची इतर रूपे. विषयशब्दांची एक यादी ठरवून ती दाराजवळ लावावी आणि तीत दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार वाचकांना द्यावा. दोन विद्यार्थ्यांनी दर रविवारी वीस-वीस पुस्तके घेतली, तर एक कपाट थोड्याच महिन्यांत होईल. पुढे कोहासारखी प्रणाली घेतली तरी ही मेहनत वाया जाणार नाही. हेच रकाने तिच्यात उतरविता येतील.

पहिल्या कपाटाचे काम आम्ही सुरू केले आहे. 'बलुतं' आता मराठी साहित्यात आहे आणि 'गोलपिठा' मराठी कवितेत, ८९१.४६१ या वर्गांकाखाली. त्या विद्यार्थिनीला आम्ही तसा निरोपही पाठविला. तिने उलट विचारले, "बाकीच्या तीन कपाटांचे काय?" प्रश्न रास्त आहे. ज्या सभासदांना आणि विद्यार्थ्यांना रविवारी सकाळी दोन तास देता येतील, त्यांनी वाचनालयात यावे. चिठ्ठ्या, डिंक आणि वर्गांकांचा तक्ता आम्ही तयार ठेवू.