डोळा पाहतो की पाहणारा?



सोलापुरात एका कीर्तनानंतर एक वृद्ध विणकर आम्हांस म्हणाले, "महाराज, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. आता आषाढीला पंढरपुरी रांगेत उभं राहून मला दर्शन घडेल का हो?" प्रश्न साधा, पण त्याचे मूळ खोल आहे.

नैयायिक म्हणतात, डोळ्यातील तेज बाहेर जाऊन वस्तूस भिडते. 'वेदान्तपरिभाषा' ग्रंथात तळ्याचा दृष्टांत आहे. तळ्याचे पाणी पाटाने शेतात शिरून वाफ्याचा आकार घेते, तसे अंतःकरण नेत्रद्वारे निघून घटाचा आकार घेते, हीच वृत्ती. आधुनिक शास्त्र उलट वाट सांगते. वस्तूवरचा प्रकाश बाहुलीतून आत येतो, भिंगामुळे दृष्टिपटलावर उलटे चित्र उमटते, हे केपलरने १६०४ साली दाखविले. पुढे मज्जातंतू तो संदेश मेंदूस पोचवितो. काचबिंदूत हाच तंतू खराब होतो.

वाटेपुरते आधुनिक शास्त्र खरे, हे आम्ही भीड न ठेवता सांगतो. "हे सारं आमच्या ग्रंथांत होतंच" असे कीर्तनात ठोकून देऊ नये. परंतु वाट कळली म्हणजे वाटसरू कळला, असे नाही. मेंदूच्या व्यापारातून जाणीव कशी होते, यावर शास्त्रज्ञांतही अजून वाद आहे.

'दृग्दृश्यविवेक' वाटसरूचा शोध घेतो. रूप दृश्य, डोळा द्रष्टा. डोळ्याचे अंधत्व मन जाणते, म्हणून डोळाही दृश्यच. मनाच्या वृत्ती जो जाणतो, तो साक्षी. तो मात्र कोणाचे दृश्य होत नाही.

विणकरबुवांना आम्ही विचारले, "दिसत नाही, हे कळतं कुणाला?"

ते थबकले. "मलाच की!"

तो जाणणारा काचबिंदूने गेला नाही. चांगदेवपासष्टीत माउली आरशाचा दृष्टांत देतात : आरशापूर्वी मुख असते, आरसा काढल्यावरही असतेच. नरहरी सोनारांची कथा आपण ऐकतो. डोळे बांधले तेव्हा हाताला शंकर लागले, उघडले तेव्हा समोर विठ्ठल, देव एकच. गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी तान्हेपणीच गेली, तरी त्यांनी विपुल ग्रंथरचना केली.

मात्र याचा विपर्यास नको. मोतीबिंदू असेल तर वेळेवर ऑपरेशन करून घ्यावे. काचबिंदूची तपासणी लवकर करावी, कारण त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. वेदान्त पुढे करून डॉक्टर टाळणे हा अविवेक होय.

विणकरबुवांना आम्ही एवढेच म्हणालो, "नातवाचा हात धरून या. पायांवर डोकं टेकलंत की दर्शन झालंच."

रामकृष्णहरि.