इंजिन सगळ्यात शेवटी बसवा

गवत कापायची मशीन बिघडते ती बहुतेक वेळा खालच्या बाजूने. दांडा वाकतो, आतली शाफ्ट तुटते, पात्याकडचा गिअर जातो. वरचं इंजिन मात्र दोरी ओढली की अजून सुरू होतं. आमच्या निफाड भागात द्राक्षबागांमुळे अशी इंजिनं घरोघर पडलेली आहेत. मी फवारणी पंप आणि ग्रासकटर दुरुस्तीचं काम करतो. त्यामुळे असं इंजिन पिशवीत घालून कोणी ना कोणी मुलगा माझ्याकडे येतोच. "काका, हे सायकलला बसवून द्या ना. मळ्यातून कॉलेजला जायला होईल."

या नादाला मी नावं ठेवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये, जपानमधल्या हामामात्सु गावी सोइचिरो होंडांनी हेच केलं होतं. लष्कराच्या रेडिओसंचासाठी बनवलेली छोटी इंजिनं शिल्लक पडली होती, ती त्यांनी सायकलींना बसवून विकली. आपल्याकडे 1972 साली आलेली लुना तर पायडल मारून सुरू व्हायची. पण लुनाला ड्रम ब्रेक होते, जाड टायर होते आणि तिचा सांगाडा इंजिनाचे हादरे सोसण्यासाठीच घडवलेला होता. नुसतं पायडल असल्याने ती सायकल ठरत नव्हती. मुलगा इंजिन घेऊन येतो तेव्हा त्याला वाटतं, अर्धं काम झालं. मी अशी सायकल बनवली, चालवली, तिच्यावरून पडलो, आणि त्यानंतर इतरांच्याही बघितल्या. माझं मत पक्कं आहे: आधी चाकं आणि ब्रेक, मग चेन, मग गाडी बंद करायची सोय, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

ब्रेकपासून सुरू करू. आपल्या काळ्या सायकलला दांड्याचे ब्रेक असतात. लिव्हर दाबली की रबर रिमला आतून घासतं. रिम लोखंडी, वर निकल. पायडल मारत पंधराच्या वेगाने जाताना एवढं पुरतं. इंजिनावर तीच सायकल पंचेचाळीसला गेली, की वेग तिप्पट होतो आणि थांबवायची ऊर्जा नऊपट. पावसाळ्यात रिम ओली झाली की रबर नुसतं सरकतं. ब्रेक दाबलाय तरी सायकल पुढे जातच राहते. म्हणून ॲल्युमिनियमची रिम आणि चांगले कॅलिपर ब्रेक, निदान पुढच्या चाकाला डिस्क, हा खर्च आधी करा. नवे स्पोक टाका, आउट काढून घ्या. मग इंजिन न लावताच मागच्या कॅरिअरवर 20 किलोची गोणी बांधा आणि रिकाम्या उतारावरून सायकल सोडून ब्रेक मारून बघा. थोडं पाणी शिंपडून पुन्हा बघा. त्यात ती मनासारखी थांबली नाही, तर पुढचं काही करू नका.

आता फेऱ्यांचा हिशेब. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. ग्रासकटरचं टू स्ट्रोक इंजिन ताकद देतं ते मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास. अठ्ठावीस इंची सायकलचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. म्हणजे ताशी 25 किलोमीटरला चाकाचे मिनिटाला फक्त 185 ते 190 फेरे होतात. दोन्हींचं गुणोत्तर काढलं तर जवळपास पस्तीसास एक अशी घट हवी. इंजिनाला अकरा दात्यांचं आणि चाकाला चव्वेचाळीस दात्यांचं स्प्रॉकेट लावलं तर मिळते चारास एक. मग इंजिन ओरडतं, आतला क्लच पकडू पाहतो, घसरतो, तापतो. थोड्याच वेळात जळकट वास येतो आणि क्लचचं अस्तर संपतं. इंजिनात दोष नसतो, तरी पोरं कार्बोरेटर खोलत बसतात. मध्ये गिअरबॉक्स लागतोच, आणि तो घेतल्याशिवाय चेन जोडायला बसू नये.

चेनबद्दल मी जास्त बोलतो, कारण माझं खांद्याचं हाड तिच्यामुळे मोडलं. पायडलची चेन उजवीकडे असते, म्हणून इंजिनाची डावीकडून न्यावी लागते. ती सैल पडू नये म्हणून एक छोटी चकती, टेन्शनर, मागच्या नळीवर पट्टीने आवळून बसवतात. ती नळी चाकाकडे निमुळती होत जाते. हादऱ्यांनी पट्टी हळूहळू बारीक बाजूकडे सरकते, आणि सरकली की आपोआप ढिली होते. मग चेनचा ओढा त्या पट्टीला नळीभोवती फिरवतो आणि चकती थेट स्पोकमध्ये जाते. कालव्याच्या रस्त्यावर माझं असंच झालं. आधी एक टक् असा आवाज आला, नंतर मागचं चाक जागच्या जागी अडकलं. एका बाजूचे स्पोक सुतळीसारखे पिळले गेले होते. तिथे तोल सावरायला काही उरत नाही.

म्हणून टेन्शनर नळीवर आवळून बसवूच नका. इंजिनाच्या पट्टीला लांबट भोकं पाडा आणि इंजिनच पुढे-मागे सरकवून चेन ताणा. मोठं स्प्रॉकेट रबरी चकत्यांमध्ये धरून स्पोकवर कसणंही टाळा. स्पोक ओढ घेण्यासाठी असतात, असा पिळा सोसण्यासाठी नाहीत. डिस्क ब्रेकसाठी सहा बोल्टांची सोय असलेला हब मिळतो, त्या बोल्टांवर स्प्रॉकेट नीट बसतं. सायकलच्या पातळ नळीवर आर्क वेल्डिंग मारू नका, ती जळून तिथेच चिरते. प्रत्येक नट नायलॉनचा लॉक नट घ्या. चेनवर पत्र्याचं आवरण हवंच, कारण पायजम्याचं टोक किंवा ओढणी तिथेच अडकते.

बंद करायची सोय फार जण गृहीत धरतात. या इंजिनांना मॅग्नेटो असतो. बटण दाबलं की कॉईलची वायर बॉडीला टेकते आणि ठिणगी बंद होते. याचा अर्थ असा, की ती वायर तुटली किंवा निसटली तर इंजिन बंद होत नाही, चालूच राहतं. घरातल्या दिव्याच्या नेमकं उलट. त्यातच ॲक्सिलरेटरची केबल अडकली तर काय होईल याचा विचार करा. बटण डाव्या अंगठ्याखाली असावं, वायर हँडलच्या वळणावर ताणली जाऊ नये, आणि चोक ओढून इंजिन गुदमरवता येईल अशी दुसरी सोय हाताशी असावी. सायकल रस्त्यावर नेण्याआधी ती स्टँडवर चालू करून दोन्ही पद्धतींनी बंद करून बघा.

पेट्रोलसाठी पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली कधीच वापरू नका. मूळ टाकीच बसवा, सायलेन्सरपासून लांब. टू टी ऑइलचं प्रमाण कंपनीच्या पुस्तकात असेल तेच: पंचवीसास एक असेल तर लिटरला 40 मिली. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत महिनोन्महिने ठेवलं तर ते पाणी धरतं, आणि जुनी रबरी नळी कडक होऊन गळायला लागते.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा 1988 च्या व्याख्येनुसार, चारपेक्षा कमी चाकांचं आणि 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. बाजारातली बहुतेक टू स्ट्रोक ग्रासकटर इंजिनं 43 किंवा 52 सीसीची. ती सायकलला लावली की नोंदणी, लायसन्स, विमा, सगळं लागू होतं. नोंदणीसाठी मॉडेलची मान्यता लागते आणि ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचण्या करून मिळते. घरी बनवलेल्या एका सायकलसाठी ते होण्यासारखं नाही. नोंदणी नाही म्हणून विमा नाही. कुणाला धडक बसली तर भरपाई घरातून, म्हणजे शेवटी जमिनीतून. चालवणारा अठराच्या आतला असेल तर 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 199अ पालकांपर्यंत पोहोचतं: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. मुलाच्या हौसेत वडिलांनी भर घालण्याआधी हे त्यांना माहीत असायला हवं. फोर स्ट्रोकमध्ये 25 सीसीची इंजिनं मिळतात. करायचंच असेल तर त्यातलं निवडा, कंपनीच्या पुस्तकात सीसी बघून, आणि वेग पंचवीसच्या पुढे जाणार नाही असंच गुणोत्तर ठेवा.

52 सीसीचं इंजिन घेऊन आलेल्या मुलाला मी आता दुसरं काम सुचवतो. खड्डे खोदायचा ऑगर याच ताकदीच्या इंजिनावर चालतो. त्याचा फेरे कमी करणारा गिअरबॉक्स तयार मिळतो, क्लचही जुळवता येतो. डाळिंबाची किंवा द्राक्षाची लावण करताना, बागेला खांब रोवताना गावात त्याला मागणी असते आणि भाडंही मिळतं. इंजिन चांगलं असेल तर ते जोडून द्यायला मी लगेच बसतो.