संगणकाच्या खिडक्या

बालमित्रांनो, घराला खिडक्या असतात हे तुम्हांला माहीतच आहे. पण संगणकालाही खिडक्या असतात!

संगणकावर एखादे काम उघडले की पडद्यावर एक चौकोन येतो. तीच खिडकी. चित्राची एक, हिशेबाची एक, लिहायची एक, अशा पुष्कळ खिडक्या एकदम उघडता येतात. बाकावर वह्या पडतात तशा त्या एकमेकींवर येतात. वरची दिसते, खालची दिसत नाही. पण खालची वही काही हरवलेली नसते.

मला हे ठाऊक नव्हते. आमच्या वर्गाने २० दिवस पाऊस मोजला. त्याचा तक्ता मी संगणकावर लिहीत होते. मध्येच ढगाचे चित्र काढायला दुसरी खिडकी उघडली. तक्ता दिसेना. मला वाटले, गेला! मी घाबरून नवीन कोरे पान उघडले. तेवढ्यात घंटा झाली. मी सगळ्या खिडक्या बंद करू लागले. संगणकाने विचारले, काम जपून ठेवायचे का? मी न वाचताच 'नको' दाबले. तक्ता खरोखरच गेला. मला तर रडूच आले.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी आम्हांला सांगितले ते असे :

१. खिडकीच्या वर उजव्या कोपऱ्यात तीन खुणा असतात. आडव्या रेघेने खिडकी खाली जाऊन बसते, काम चालूच राहते. चौकोनाने ती पडदाभर होते. फुलीने बंद होते.
२. पडद्याच्या तळाला पट्टी असते. उघडलेली प्रत्येक खिडकी तिथे सापडते.
३. ऑल्ट कळ दाबून धरायची आणि टॅब दाबायची. सगळ्या खिडक्या समोर येतात. हवी ती निवडावी.
४. खिडकीच्या चित्राची कळ आणि डावा बाण एकदम दाबला की खिडकी डावीकडे अर्ध्या पडद्यावर बसते. दुसरी उजवीकडे बसवावी. मग एकीकडे बघून दुसरीकडे लिहिता येते.
५. कंट्रोल आणि एस दाबून काम मधूनमधून जपून ठेवावे. वीज काय सांगून जात नाही.

फार खिडक्या उघड्या ठेवू नयेत. संगणकाची स्मृती भरते आणि तो हळू चालतो.

आता एक गंमत. विंडोज म्हणजे खिडक्याच! विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ साली आली. तिच्यात खिडक्या एकमेकींवर चढत नसत, शेजारी शेजारी बसत. १९८७ च्या आवृत्तीत त्या एकमेकींवर येऊ लागल्या. तळाची पट्टी १९९५ साली आली.

पावसाचे आकडे नोंदवहीत होते म्हणून वाचलो. मैत्रिणीने वाचून दाखवले, मी पुन्हा लिहिले. दोन मधल्या सुट्ट्या गेल्या. पण ह्या वेळी दर पाच ओळींना जपून ठेवले.

पालकांनो, तक्ता संगणकावर आहे. जरूर बघून जा. आणि मित्रांनो, फुली दाबण्याआधी संगणक काय विचारतो ते वाचा बरं का!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी