आमिष आणि अभय : पिकावरील पाखरांच्या हिंसेचा विचार

धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः परंडा, भूम, वाशी या भागांत, रब्बीची ज्वारी हुरड्यास आली म्हणजे पाखरांचे थवे शेतात उतरू लागतात. त्यांत राघू असतात, चिमण्या असतात. परंतु मोठा उपद्रव भोरड्यांचा. मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी येणारे हे पक्षी शेकडोंच्या संख्येने कणसांवर बसतात आणि थोड्या वेळात दाणा रिता करतात. पूर्वी माळ्यावर बसून, गोफण फिरवून, डबे वाजवून पाखरे राखली जात. आता राखणीस माणूस मिळणे कठीण झाले आहे. तेव्हा बांधावर दाणे पसरून पाखरे एका जागी जमवावी व छऱ्याच्या बंदुकीने मारावी, अथवा त्या दाण्यांसच विष चोळावे, असा उपाय कोणी सुचवितो. उपदेशी मंडळींत शेतकरी पुष्कळ आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ शेतीचा न राहता आचाराचा होतो.

शंका : पीक हे कुटुंबाचे अन्न. पाखरे ते नेतात, म्हणजे प्रथम अपकार त्यांचाच. मग त्यांना आमिष दाखवून मारण्यात दोष कोणता? आणि कायद्याची त्यास अनुमती आहे किंवा नाही?

समाधान : आधी कायदा पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत मारणे व विष घालणे यांबरोबर फासात धरणे, हाकणे आणि आमिष लावणे हेही स्पष्टपणे अंतर्भूत आहे; तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच होय. अर्थात पाखरे धरण्यामारण्याकरिता दाणे पसरले, की गोळी सुटण्यापूर्वीच अपराध घडतो. हा निर्बंध येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यापुरताच आहे, असा समज योग्य नव्हे. तो स्वतःच्या मालकीच्या शेतातही लागू आहे. बंदुकीचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना होय, पक्षी मारण्याचा नव्हे.

पूर्वी या अधिनियमात उपद्रवी प्राण्यांचे वेगळे परिशिष्ट होते. त्यात कावळा, उंदीर, घूस, फलाहारी वटवाघूळ यांची गणना होती. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली, ते परिशिष्ट वगळले गेले. उभ्या पिकास धोका झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून, ठरावीक क्षेत्रापुरती, लेखी अनुज्ञा देऊ शकतो. अशा आदेशावाचून केलेल्या कृत्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विषारी दाणा तर कोणाची निवड करीत नाही. तो भोरडीने टिपला तसा मोरानेही टिपला, तर मोर पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे शिक्षा किमान तीन वर्षांची होते.

आता आचाराचा विचार. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात सशाच्या रक्षणाची लीळा सर्वांस परिचित आहे. पारध्यांची कुत्री पाठीस लागली असता ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या जानूखाली येऊन दडला. हा पैजेचा ससा आहे, तो सोडावा, अशी पारध्यांनी विनंती केली. शरण आलेल्यास मरण नाही, हा स्वामींचा अभिप्राय. त्यांनी पारध्यांशी संवाद केला आणि त्यांचे मन वळविले.

या लीळेच्या प्रकाशात आमिषाचे स्वरूप उघड होते. तेथे भ्यालेला जीव विश्वासाने जवळ आला आणि त्यास अभय मिळाले. येथे निर्भय जीवास अन्न दाखवून प्रथम विश्वास उत्पन्न करावयाचा आणि त्याच विश्वासाच्या जागी त्याचा घात करावयाचा. पीक राखताना दगड भिरकावून पाखरू उडविणे आणि त्यास बोलावून मारणे यांत हा मोठा भेद आहे. पहिल्यात पाखरू दूर जावे ही इच्छा असते, दुसऱ्यात ते जवळ यावे ही. जो जवळ बोलावतो, त्याला पीक राखावयाचे होते असे म्हणता येत नाही. मूठभर दाणे तेच. परंतु हेतूने ते दान होते किंवा फास होतो. पाखरू अपकार जाणून करीत नाही. मनुष्य मात्र कपट जाणून योजतो. म्हणून या हिंसेत मन, वाचा व काया तिन्ही गुंतलेली असतात.

व्यवहारातही हा मार्ग अपुरा आहे. भोरडी दाणा खाते तसे टोळ व नाकतोडेही खाते. चीनमध्ये 1958 साली चिमण्यांच्या निर्मूलनाची मोहीम झाली. त्यानंतर किडींचा उपद्रव वाढला आणि 1960 मध्ये चिमणीचे नाव वगळावे लागले. त्याच देशाच्या शिनजियांग प्रांतात पुढे टोळांच्या बंदोबस्तासाठी भोरड्यांना घरटी करण्यास दगडांचे ढीग रचून देण्यात आले.

तथापि, भरलेले कणीस रिते होताना पाहणाऱ्यास केवळ 'दया करा' एवढे सांगणे हे समाधान नव्हे. भिक्षुकाच्या झोळीत पडणारी भाकर त्याच शेतातून येते. तेव्हा राखणीचा भार वाटून घेण्याचा मार्ग सांगणे हे ओघानेच आले. शिवारातील पेरणी शक्यतो एका वेळी व्हावी, म्हणजे थव्याचा मारा एकाच शेतावर पडत नाही. दाणा भरण्याच्या मोजक्या दिवसांत शेजाऱ्यांनी पाळीने सकाळ-संध्याकाळ राखण करावी. चमकणाऱ्या पट्ट्या बांधाव्या व त्यांची जागा वारंवार बदलावी. लहान क्षेत्र जाळीने झाकल्यास ती ताणून बसवावी आणि अडकलेले पाखरू रोज पाहून सोडावे. एवढ्यानेही हानी असह्य झाली, तर वनविभागाकडे लेखी अर्ज करावा.

यानंतरही काही दाणा जाईल. तो गेला असताही आपल्या हाताने आमिष न टाकणे, एवढे प्रत्येक उपदेशीच्या स्वाधीन आहे. स्वामींनी पारध्यांचा धिक्कार न करता त्यांना समजाविले. त्याच रीतीने आमिषाचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याशीही बोलावे.