शाळेतील दांडगाई आणि समेटाचा देखावा

प्रश्न : सातवीतल्या माझ्या मुलाचा डबा वर्गातील तिघे रोज हिसकावून घेतात. तक्रार केल्यावर वर्गशिक्षकांनी चौघांना समोरासमोर उभे करून हस्तांदोलन करवले. छळ वाढलाच आहे. काय करावे?

उत्तर : भांडण समबलांचे असते तेव्हा समेट इष्ट होय, परंतु जेथे तिघे एकत्र येऊन एकाला नित्य गांजतात, तेथे पीडितास अपराध्यांसमक्ष बोलावयास लावणे म्हणजे त्याचे तोंड कायमचे बंद करणे होय, हे वर्गशिक्षकांच्या ध्यानात आले नाही, याचे मला मनस्वी दुःख वाटते. नॉर्वेत १९८३ साली, अशाच छळानंतर झालेल्या मुलांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या सरकारने देशव्यापी मोहीम काढली. तीत सहभागी असलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयस यांनी मधल्या सुट्टीत शिक्षकांचा प्रत्यक्ष पहारा, वर्गाचे स्पष्ट नियम आणि दोन्ही पक्षांशी स्वतंत्र संभाषण यांवर भर दिला, व बर्गेनच्या शाळांत छळ लक्षणीय घटला. मुले डबा खातात तेथे एक शिक्षक उभा राहिला, तरी पुष्कळ साधेल. मूकपणे पाहणाऱ्या मुलांनाही एकेकटे विचारावे.

आपण तारीखवार हकीकत लिहून मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध अधिनियमान्वये लेखी तक्रारीची चौकशी संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत करावयाची असते. दाद न लागल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. मुलासाठी १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही आहे.